वारा लागला की

जानेवारीतली सकाळ होती. गॅसवर एका शेगडीवर माझ्या नवऱ्याच्या, शैलेशच्या, डब्यासाठी वालाची उसळ, दुसरीवर चहा. सासरे, प्रल्हादराव, रेल्वेतून निवृत्त झाले तसं त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला गाउटनं धरलं. अंगठा सुजला की तो स्टुलावर ठेवून ते बसतात आणि त्या स्टुलाजवळून कुणी झपकन गेलं तरी ओरडतात. सासूबाई, म्हणजे अहिल्याबाई, कोसबाडच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या अजून हातात पेन घेऊन पेपर वाचतात आणि शब्द चुकला असेल तर त्याला गोल करतात. शैलेशला डहाणू रोड स्टेशनवर ड्युटीला जायचं होतं, तो मोजे शोधत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. पुढच्या दारावर.

चिखले गावातल्या आमच्या घरी पुढच्या दारानं कुरिअरवाला येतो, नाहीतर निवडणुकीची माणसं. बाकी सगळे मागून, विहिरीकडून. मी दार उघडलं तर समोर रूपी.

रूपी वेवजीची. चिकूच्या मोसमात आमच्या आणि शेजारच्या वाड्यांमध्ये फळं निवडायला येते. पण हिवाळ्यात ऊन चांगलं वर चढल्याशिवाय तिला कुणी पाहिलेलं नाही. आज तिनं नवऱ्याचं जर्किन घातलं होतं, वर शाल, डोक्याला टॉवेल. उघडे होते ते फक्त डोळे, आणि तेही लाल.

"बाई आहेत?"

"आहेत. आत ये आधी, दारात नको उभी राहूस."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि गॅसजवळ उभी राहिली. वेवजीहून उघड्या जीपनं आली होती. तिनं हात विस्तवावर धरले आणि सासूबाईंना म्हणाली, "संगीचं नाव काढतात, बाई."

संगी म्हणजे संगिता, तिची धाकटी. सासूबाईंची विद्यार्थिनी. बारावी झाल्यावर सासूबाईंनीच तिला डहाणूच्या नर्सिंगच्या प्रशिक्षणाला घातलं होतं. पाड्यातून नर्सिंगला गेलेली ती पहिलीच. दिवाळीनंतर तिला सारखा ताप येऊ लागला. सकाळी बरी, दुपारपर्यंत अंग तापलेलं, गुडघे धरलेले, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी काही नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच. मलेरिया तपासून झाला, थुंकी तपासून झाली, छातीचा फोटो काढून झाला. सगळं स्वच्छ. तरी वसतिगृहातल्या मुलींनी आपल्या गाद्या तिच्यापासून लांब सरकवल्या होत्या. हजेरी कमी पडत चालली होती आणि आता प्राचार्यांनी आईला बोलावून सांगितलं होतं: आजार काय आहे ते डॉक्टरकडून लिहून आणा, नाहीतर मुलीला घरी न्या. यंदाची परीक्षा तिला देता येणार नाही.

"टीबी म्हणतात," रूपी म्हणाली. "टीबी असता तर बरं झालं असतं. गोळ्या तरी मिळाल्या असत्या."

बोलता बोलता तिनं जर्किनची बाही वर केली. दंडावर तांबडे चट्टे उठायला लागले होते, नकाशातल्या बेटांसारखे. आम्हाला ते नवीन नव्हतं. सासूबाईंनी पेपर बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "हिला पित्त उठलंय. आमसुलं भिजत घाल."

मी घातली.

*

रूपीला पाड्यात 'उन्हाळी रूपी' म्हणतात. आमच्याकडे ती येऊ लागली तेव्हा मला वाटलं की उन्हाळ्यात जन्मली असेल. तिनं खुलासा केला. "नाय वहिनी. उन्हाळ्यातच कामाची आहे म्हणून."

आमच्याशी ती बाजारातलं मराठी बोलते, घरी वारली, आणि उंबरगावच्या शेठांशी गुजराती. तिन्ही भाषांत तिला सारखंच कमी बोलायला आवडतं. तिच्याबद्दल जे काही कळलं ते असं, चिकू निवडताना सुटं सुटं.

तलासरीच्या बाजूला पाऊस गेला की गवत कापायचं काम निघतं. अख्खी कुटुंबं माळावर जातात. पहाटे दव असतं, गवत ओलं असतं, वरून वारा. रूपी लहान असताना आईबरोबर जायची. दोघींना थोड्या वेळानं हुडहुडी भरायची, अंगावर चट्टे यायचे, बोटं इतकी दुखायची की विळा धरवत नसे. आई बांधाआड जाऊन उन्हाची वाट पाहत बसायची. मुकादम यायचा, हात जोडायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "महाराणी, झाली का झोप?" संध्याकाळपर्यंत दोघी ठणठणीत. त्यामुळे तर जास्तच बोलणी बसायची. आजारी माणूस आजारी दिसायला हवं.

लग्न झालं चैत्याशी. चैत्या उंबरगावला कंपनीत माल चढवतो. जीभ चुरचुरीत. "बायको आणली म्हणून पाड्याला जेवण घातलं," तो कुणालाही सांगतो, "घरी येऊन बघतो तर मांजर. दिवसभर चुलीजवळ." त्यांच्या घरातला विस्तव मार्गशीर्षात विझत नाही. पाड्यातले लोक सकाळी त्यांच्याकडूनच निखारा न्यायचे. आवणीच्या वेळी पावसात रोपं लावताना सगळ्या बाया इरलं घेतात. रूपी इरल्याच्या आत खताची प्लास्टिकची पिशवी फाडून अंगाला गुंडाळायची, आणि बाया म्हणायच्या, "युरिया आला, युरिया आला."

सगळी माणसं ज्या कामाला नाकं मुरडतात ते वीटभट्टीचं काम तिला आवडायचं. भिवंडीकडच्या भट्टीवर दोन-तीन हंगाम केले तिनं. भाजलेल्या विटांच्या रांगेजवळ उभं राहून ती पुरुषाइतकं काम उचलायची. त्या हंगामात एकदाही ताप नाही. एप्रिलमध्ये भट्टीचा मालक तिला म्हणाला होता, तुझ्यासारखी चार माणसं असती तर! "तेवढा एकच माणूस मला चांगलं बोलला," रूपी म्हणते, "आणि तो पैसे बुडवून पळाला."

पोरं झाली. मोठा नविन बापावर गेला, पावसात भिजून आला तरी शिंकत नाही. संगी झाली त्या दिवशीच सुईणीनं तिला पुसून घेतलं आणि थोड्या वेळानं पोर लालबुंद. रूपीनं तिला पोटाशी धरलं आणि चुलीजवळ नेलं. "तेव्हाच कळलं," ती म्हणाली, "ही माझी."

आमच्याकडे आली ती सासूबाईंच्या ओळखीनं. पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी ते चट्टे पाहिले आणि निदान करून टाकलं. पित्त. आमच्याकडे पित्त उठलं की आमसुलं पाण्यात कुस्करून ते पाणी अंगाला चोळतात. सासूबाईंच्या आईनं त्यांना चोळलं होतं, त्यांनी शैलेशला चोळलं होतं. रूपीला त्या पडवीत बसवायच्या, पाठ उघडी करायला लावायच्या आणि स्वतःच्या हातानं ते जांभळट पाणी चोळायच्या. मग तसंच वाऱ्यावर सुकू द्यायचं, पुसायचं नाही. थोड्या वेळानं चट्टे पाठभर पसरायचे.

"बघ, बाहेर पडतंय," सासूबाई समाधानानं म्हणायच्या. "आत राहिलं असतं तर वाईट."

दुसऱ्या दिवशी अंग कोरं. औषधाला गुण आला असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. रूपीनंसुद्धा. पुढे तिनं संगीलाही तेच सुरू केलं, आणि कुणी विचारलं तर सांगायची, बाईंचं औषध आहे, आधी वाढवतं आणि मग घालवतं.

*

तर त्या सकाळी आमसुलं भिजत राहिली आणि सासूबाईंनी ठरवलं की ताप सगळ्यांनी पाहून झालाय, आता कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं. डहाणूत एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून एकदा डॉक्टर अदिती येतात, तो वार नेमका त्याच दिवशी होता. रिक्षा केली, संगीला वसतिगृहातून घेतलं. सासूबाई, रूपी, संगी आणि मी.

संगी आईपेक्षा उंच, वेणी घट्ट, आणि नर्सिंगचं शिकत असल्यामुळे दवाखान्यात आमच्यापेक्षा जास्त अवघडलेली. त्या दिवशी तिच्या अंगावर एकही चट्टा नव्हता. हेच नेहमी व्हायचं. चट्टे घेऊन निघावं आणि उन्हातून दवाखान्यात पोचेपर्यंत डॉक्टरला दाखवायला काही उरू नये.

डॉक्टर तरुण होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि बर्फ मागवला. प्लास्टिकच्या पिशवीत एक खडा घालून तो संगीच्या हातावर ठेवला. थंडीची अ‍ॅलर्जी असेल तर तिथे गांधी, म्हणजे फुगीर चट्टा, येईल, म्हणाल्या. आम्ही सगळ्या त्या हाताकडे बघत बसलो. बर्फ काढला. कातडी जराशी लाल झाली, ओली झाली, आणि पुन्हा होती तशी.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणतेय ना, पित्त आहे."

डॉक्टर म्हणाल्या, थंडीची अ‍ॅलर्जी तर दिसत नाही. रक्त द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत बाहेर बसा.

बाहेरच्या हॉलमध्ये कुणा दानशूरानं नवा एसी बसवून दिला होता, आणि तो चालतो हे दाखवायला दवाखान्यानं तो पूर्ण सोडला होता. रूपी आत पाऊल टाकताच मागे फिरली आणि बाहेर पायरीवर उन्हात जाऊन बसली. संगीला तिनं हाक मारली. संगी गेली नाही. "पेशंटनं नंबर सोडून जायचं नसतं, आई," ती हळूच म्हणाली. शिकवलेलं तिला तिथे मोडवेना. आम्ही दोघी स्वेटरात, ती पातळ गणवेशात, बरोबर वाऱ्याच्या झोताखाली.

रिपोर्टला खूप वेळ लागला. मधे सासूबाईंना डुलकी लागली. मी संगीकडे पाहिलं तर तिनं हात काखेत घातले होते. नंतर पाहिलं तर डोळे चुरचुरत असल्यासारखे मिटत होती. मग मानेवर पहिला चट्टा दिसला. नंतर दोन्ही दंड भरले. बर्फ ठेवलेली जागा आणि बाकीचा हात यात काही फरक राहिला नाही. तिचे दात वाजायला लागले तशी मी उठले, आणि त्याच वेळी डॉक्टर अदिती चहाचा कप घेऊन दाराबाहेर आल्या.

कप त्यांच्या हातातच राहिला. "हे कधी सुरू झालं?"

"इथेच, बसल्या बसल्या."

त्यांनी आधी एसी बंद करायला लावला. मग संगीला आत नेलं, ब्लँकेट दिलं, ताप मोजला. चढत होता. "आईला बोलवा," म्हणाल्या. रूपी आली. तिनं बाही वर केली, सकाळचे चट्टे अजून पुरते गेले नव्हते. डॉक्टरांनी एकीचा हात दुसरीच्या हाताशेजारी ठेवला.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. आजीला होतं? होतं. भावाला? नाही. गार पाणी प्यायलं तर? काही नाही. बर्फाचा गोळा खाल्ला तर? "काही नाय," संगी म्हणाली, "गोळा चालतो." ओल्या अंगाला वारा लागला तर? मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या.

"कोसबाडला असताना कधी आजारी पडायचीस?"

"माझ्या शाळेत पोर एक दिवस आजारी पडली नाही," सासूबाईंनी मधेच सांगितलं. "थंडीत मी वर्ग बाहेरच घ्यायचे. पाठीवर ऊन घेऊन बसायची सगळी."

"आणि वसतिगृहात सकाळ कशी असते?"

संगीनं सांगितलं. उजाडायच्या आधी टाकीच्या गार पाण्यानं अंघोळ, ओले केस बांधायचे, आणि मैदानावर प्रार्थनेला उभं राहायचं. अंघोळीनंतरच ताप येतो का, असं डॉक्टरांनी विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, "सकाळी वारा असला की येतो. सुट्टीच्या दिवशी उशिरा अंघोळ करतो. तेव्हा नाही येत." हा विचार तिनं आजवर केला नव्हता. आम्हीही नाही.

"मी हे पुस्तकात वाचलंय," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यांनी आज बघतेय."

*

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्या आत काही प्रथिनं सुटी सुटी पडून असतात. जंतू शिरला किंवा पेशीला इजा झाली की ती भराभर एकत्र येऊन जुळतात, चाकासारखी. या जुळणीला इन्फ्लमासोम म्हणतात. ती जुळली की पेशी एक रसायन बाहेर सोडते, सगळ्या शरीराला इशारा देणारं. त्यातून ताप येतो, सूज येते, अंग लाल होतं. कधी कधी ती पेशी स्वतः फुटूनही जाते. हे सगळं आपल्या भल्यासाठी असतं. एवढं सांगून त्यांनी रूपीकडे पाहिलं. रूपी मान हलवत होती, पण ती सगळ्यांनाच हलवते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडे भाताला डुकरं येतात?"

"येतात की."

"राखायला कोण बसतं?"

"काकड्या. माझा दीर. शेतात माळ्यावर बसतो, डुक्कर आलं की डबा वाजवतो. मग सगळे काठ्या घेऊन धावतात."

"तसं समजा. प्रत्येक पेशीत एक काकड्या बसलाय. तुमच्या दोघींच्या अंगातला काकड्या जन्मापासून थोडा बिघडलेला आहे. डुक्कर नसताना, नुसता गार वारा आला तरी तो डबा वाजवतो."

रूपीला हसू आलं. "आमचा काकड्या पिऊन बसला की तसंच करतो. पान हललं तरी बडवतो. सगळा पाडा उठवतो मेला."

"आणि उठलेली माणसं काय करतात?"

"काय करणार? डुक्कर नाय सापडलं तर आपसात भांडतात."

"हेच," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा ताप म्हणजे ते भांडण. जंतू नाहीच. म्हणून कुठल्याच तपासणीत सापडला नाही. आणि कुणाला लागण्यासारखं तर मुळीच नाही."

सासूबाईंनी विचारलं, मग त्या काकड्याला गप्प करायचं काही औषध? डॉक्टरांनी उत्तर रूपीलाच दिलं. "काकड्या पितो म्हणून त्याला माळ्यावरून काढून टाकाल?"

"नाय. मग भात कोण राखणार?"

"म्हणून औषध जपून द्यायचं. तो राखणदार नसेल तर साधा जंतूही माणसाला जड जाईल. त्याचा आवाज अडवणारी इंजेक्शनं आहेत, पण ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत, परदेशातून मागवावी लागतात. तुमचं दुखणं या प्रकारातलं सौम्य वाटतंय. गार वारा टाळला तर बरंच निभेल. अधूनमधून लघवी तपासत जा, कारण वर्षानुवर्षं सूज राहिली तर कुणाकुणाच्या मूत्रपिंडाला त्रास होतो. पण आधी रक्त मुंबईला पाठवून खात्री करू."

त्यांनी आणखी एक सांगितलं. डबा चुकीचा वाजण्याची ही गोष्ट फक्त अशा दुर्मीळ घराण्यांत नसते. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात धूळ बसते, तिथेही हाच राखणदार उठतो आणि ती धूळ हलत नाही म्हणून थांबतच नाही. गाउटमध्ये सांध्यात सुईसारखे बारीक खडे साचतात, तिथेही तोच.

घरी आल्यावर मी हे सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी स्टुलावरच्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे इथेपण काकड्याच बसलाय?"

"तोच."

"दारू मी पितो आणि चढते त्याला," ते म्हणाले, आणि सासूबाईंनी पेपरवरून नुसतं बघितलं.

दवाखान्यातून निघताना सासूबाईंनी डॉक्टरांना आमसुलाच्या पाण्याचं विचारलं होतं. डॉक्टर आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून हसू आवरलं. ओलं अंग वाऱ्यावर सुकलं की अंगातली ऊब निघून जाते, आणि यांना नेमकं तेच सोसत नाही, असं सांगितलं. परतीच्या रिक्षात सासूबाई रूपीला म्हणाल्या, "इतकी वर्षं चोळलं मी. त्यानं वाढतंय हे तू एकदाही बोलली नाहीस?"

"तुम्ही म्हणायच्यात, बाहेर पडतंय ते चांगलं."

"मी काहीही म्हणेन. अंग तुझं आहे ना?"

"बाई," रूपी म्हणाली, "मला असं बसवून पाठ चोळलेलं दुसरं कोण होतं?"

सासूबाईंनी रूपीच्या शालीचं टोक ओढून तिचा गळा झाकला. रस्त्याकडेच्या वाड्या आल्या, गेल्या.

*

डॉक्टरांनी प्राचार्यांना चिठ्ठी दिली होती की खात्रीची तपासणी चालू आहे, लागण होणारा आजार नाही, तोवर नाव काढू नये. प्राचार्यांनी रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं कबूल केलं. संगी घरी, वेवजीला. रिपोर्ट यायला फेब्रुवारी उजाडला. आमच्या अंगणात चिकू पिकून पडायला लागले होते. त्या राखणदाराच्या जनुकातच दोष निघाला, मायलेकी दोघींच्या रक्तात, एकच. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

रूपीला हे फोनवर नको, दवाखान्यात समोर बसवून सांगायचं असं ठरलं. चैत्याही रजा टाकून आला होता. ऐकून तो म्हणाला, "म्हणजे माझ्याकडचं काही नाही ना? झालं. मी सुटलो."

"तुझ्याकडून नविन आला," रूपी म्हणाली. "म्हैस कुठली. पावसातपण बसते."

मग ती डॉक्टरांकडे वळली. "माझ्या आईलापण हेच?"

"आता तपासता येणार नाही. पण बहुतेक, हो."

"म्हणजे ती नाटक नव्हती करत."

"नाही."

रूपीनं मान हलवली. चैत्या बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगून आला.

प्राचार्यांकडे गेलो तेव्हा मात्र आमचा समज होता की रिपोर्ट दाखवला की काम झालं. तसं झालं नाही. वर्षा मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांनी सगळे कागद नीट वाचले, डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मग म्हणाल्या, "टीबी नाही हे मी मुलींना आजच सांगते. पण माझी अडचण वेगळी आहे. अहो, नर्सला वॉर्डात काम करावं लागतं. ऑपरेशनची खोली, एसी, रात्रपाळी. ही तिथे कशी टिकणार? आज परीक्षेला बसवू, उद्या नोकरीत हिचे हाल होतील. त्यापेक्षा आत्ताच..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. रूपीनं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. संगी उभी होती. तिला बोलायची परवानगी आहे की नाही हे तिला कळत नसावं, पण ती बोलली.

"मॅडम, मला मोठ्या हॉस्पिटलात नाही जायचं. आमच्याकडच्या उपकेंद्रात जायचंय."

"तिथेही वारा असतोच की."

"तिथे पंखापण चालत नाही, मॅडम. लाइटच नसते."

वर्षा मॅडम हसल्या. हसू आवरून त्यांनी पुन्हा रिपोर्ट पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं. नाव राहील. परीक्षेला बसेल. हजेरीचं मी वर लिहून कळवते, डॉक्टरांचं पत्र जोडून. ऑपरेशनच्या खोलीत जाईल तेव्हा आतून गरम कपडे घालू दे."

सासूबाईंनी लगेच पर्समधून चष्मा आणि लिहून आणलेली यादी काढली. त्यांची तयारी झालेली होती. संगीला वेगळी खोली हवी, तिच्या डोक्यावर पंखा नको, मैदानावरची प्रार्थना माफ हवी, अंघोळीच्या जागी गिझर हवा, आणि एक स्वेटर संस्थेनं द्यावा.

"अहिल्याबाई, थांबा," वर्षा मॅडम हात वर करून म्हणाल्या. "माझ्याकडे पाड्यापाड्यांतून आलेल्या मुली आहेत. एकीला वेगळी खोली दिली की उद्या दहा जणी दारात उभ्या. वसतिगृहाचा नियम मी एक मोडू शकते. एकच. तो मी सांभाळून घेईन." मग त्या रूपीकडे वळल्या. "आई, तुम्ही आल्यापासून काही बोलला नाहीत. तुम्हीच सांगा, कुठला मोडू?"

सासूबाई रूपीच्या कानाशी वाकल्या. "गिझर सांग. गिझर." चैत्या पलीकडून म्हणाला, "खोली माग, खोली." संगी जमिनीकडे बघत होती.

रूपीनं खिडकीतून दिसणाऱ्या गच्चीकडे पाहिलं. तिथे वसतिगृहाची पाण्याची काळी टाकी उन्हात तापत होती.

"पोरीला दुपारी अंघोळ करू द्या," ती म्हणाली.